माय कुठं निजते?

वाशीमच्या बसस्थानकावर तो पहिल्यांदा दिसला, तेव्हा आलुबोंडा खात होता. दहा-अकरा वर्षांचा असेल. अर्धा खाल्ला आणि उरलेला कागदात गुंडाळून खिशात घातला. "भूक नाही का रे?" तर म्हणाला, "बहिणीले ठेवला." तळपायात काच जाऊन जखम चिघळलेली, बोटांच्या बेचक्यांत खरूज, आणि शर्टाला पंक्चरच्या सोल्युशनचा वास. ते हुंगलं की भूक मरते, हे ही मुलं एकमेकांकडूनच शिकतात.

बालसंरक्षणाच्या कामात मी बरीच वर्षं आहे. रस्त्यावरचं मूल म्हटलं की लोकांना मुंबईचे फलाट आठवतात. घरून पळालेली मुलं आमच्याकडेही असतात. गाडीने अकोला आणि तिथून मुंबई, ही त्यांची वाट. पण वाशीम, कारंजा, रिसोडला मला जास्त भेटली ती पालावरची मुलं. आई फुगे-बांगड्या विकते, मुलं स्टँडवर मागतात. त्यांत भटक्या फासेपारधी जमातीची पुष्कळ. इंग्रजांच्या 1871 च्या कायद्याने पुढे अशा जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा 1952 साली गेला. चोरी झाली की पहिला संशय मात्र आजही पालावर येतो आणि पाल रातोरात उठतं. पाल उठलं की शाळा सुटली.

त्या मुलाला आम्ही बालकल्याण समितीपुढे नेलं. 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे असं मूल 24 तासांच्या आत समितीपुढे न्यावंच लागतं. बालगृहात त्याला गादी मिळाली, गरम जेवण मिळालं. नवव्या दिवशी तो पळाला आणि त्याच स्टँडवर सापडला.

"काऊन पळाला रे?"

"माय इथं निजते न."

हे मला आधी कळायला हवं होतं. संस्था हा शेवटचा उपाय, आधी कुटुंब, असं तोच कायदा सांगतो. मग आम्ही आईकडे गेलो. बाप वारलेला, म्हणजे मूल घरीच वाढवायला मदत देणाऱ्या बालसंगोपन योजनेचा हक्क होता. पण बापाच्या मृत्यूची नोंद नव्हती, आणि पालात जन्मलेल्या पोराच्या जन्माचीही नाही. मुलाच्या पायाची जखम पंधरा दिवसांत भरली, कागद जमवायला वर्ष गेलं.

आणि शाळा? शेजारच्या अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळ्याला मतीन भोसले यांनी 2012 साली फासेपारधी मुलांसाठी 'प्रश्नचिन्ह' ही आश्रमशाळा काढली. ते त्याच समाजातले. त्यासाठी त्यांनी शिक्षकाची नोकरी सोडली. आपली बोली आणि आपलं पाल ओळखणारा माणूस असला की मूल टिकतं, हे मी त्या शाळेकडे पाहून शिकले. वाशीमला असं एक वसतिगृह हवं, पालापासून चालत जाता येईल इतकं जवळ.

तोवर तुम्ही एवढं करा. असं मूल दिसलं तर हातावर नुसतं नाणं ठेवून निघू नका. त्याची माय कुठं निजते ते विचारा, 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन लावा आणि माणूस येईपर्यंत त्याच्याजवळ थांबा.