शनिवारची अंडी

तुमच्या ऑफिसात 'वर्क-लाइफ बॅलन्स'चं ट्रेनिंग झालं असेलच. पण त्यात एक धडा हमखास राहून जातो... सासूबाईंचा शनिवार आणि आपला ईस्टर एकाच वेळी कसा सांभाळायचा?

मी वसईची, ख्रिस्ती. लग्न करून आले पालघरजवळच्या शिरगावात. दोन्हीकडे पोर्तुगीज काळातला किल्ला, दोन्हीकडे समुद्र. म्हटलं, असा काय मोठा फरक पडणार? लेक चार वर्षांची झाली आणि एक दिवस लक्षात आलं, तिला गणपतीच्या आरत्या पाठ आहेत, पण माझ्या सणाचं तिच्याकडे काहीच नाही. कोणी काढून घेतलं नव्हतं. डेडलाइनच्या धावपळीत मीच दिलं नव्हतं.

म्हणून यंदा ठरवलं, घरी ईस्टरची अंडी रंगवायची! ईस्टर रविवारी, म्हणजे रंगकाम शनिवारी. डझनभर पांढरी अंडी घेऊन किचनमध्ये शिरणार, तोच आई म्हणाल्या, "शनिवारी घरात अंडं? मारुतीचा वार आहे गं!"

"आमच्याकडे पद्धत आहे ही," मी फटकन बोलून गेले. आई गप्प. मीही गप्प. लेक अंड्यांचा ट्रे धरून उंबऱ्यात उभी.

दहा मिनिटांनी मागच्या वाडीतून धूर आला. आंघोळीचं पाणी तापवायची चूल पेटली होती. "घरात नको म्हटलं," आई म्हणाल्या, "वाडीत कर की." आणि कांद्याच्या टोपलीतली सालं झटकून माझ्या पुढ्यात!

मग काय, आमचा स्टुडिओ सुरू. कांद्याच्या सालीचा विटकरी रंग, हळदीचा पिवळा, बिटाचा गुलाबी. प्रत्येकात चमचाभर व्हिनेगर. त्यातल्या आम्लामुळे कवच किंचित खरवडल्यासारखं होतं आणि रंग नीट धरतो. एका अंड्यावर कोथिंबिरीचं पान ठेवून वर जुना पायमोजा घट्ट बांधला आणि ते कांद्याच्या पाण्यात उकळलं. मोजा सोडला तर पानाची फिक्कट नक्षी! लेकीने उकडलेल्या अंड्यावर मेणबत्तीच्या तुकड्याने रेघोट्या मारल्या. मेणाखाली रंग चढत नाही. फक्त अशा वेळी रंगाचं पाणी गार हवं, नाहीतर मेण वितळतं.

आई लांबूनच बघत होत्या. "पण अंडीच का गं?"

मी सांगितलं, पूर्वी युरोपात ईस्टरआधीच्या ४० दिवसांच्या उपवासात अंडी वर्ज्य असायची. कोंबड्यांना कुठला उपवास! साठलेली अंडी मग सणाला निघायची. शिवाय बंद कवचातून जीव बाहेर येतो, म्हणून ते येशूच्या पुनरुत्थानाचं चिन्ह.

"म्हणजे तुमच्यातही पाळायचे की!" आई हसल्या आणि पुढे सरकल्या. "तुझी आई कुठले रंग वापरायची?"

आता आली पंचाईत. कारण खरं सांगायचं तर माझ्या आईने एकही अंडं कधी रंगवलं नव्हतं. आमच्याकडे ईस्टर म्हणजे बेकरीतून आणलेलं मार्झिपॅनचं गुलाबी अंडं, वर साखरेची फुलं. ज्या 'पद्धती'साठी मी भांडले, ती मी स्वतःच गेल्या आठवड्यात इंटरनेटवर शिकले होते.

मी ते सांगून टाकलं. वाटलं, आता ऐकावं लागणार.

"मग तुझ्यापासून सुरू," आई म्हणाल्या. "कोणापासून तरी होतंच."

तेवढ्यात लेकीने आपलं अंडं हळदीतून काढलं. पिवळ्यावर एक लांबलचक पांढरी शेपटी. "आजी, हा मारुती!"

रविवारी अंडी डब्यात घालून आम्ही माहेरी निघालो. विरारला गाडी बदलताना दोन तडकली. उरलेली आईने मार्झिपॅनच्या अंड्यांशेजारी मांडली.

संध्याकाळी शिरगावात परतल्यावर सासूबाईंनी उरलेल्या अंड्यांचं झणझणीत कालवण केलं. मारुती मात्र अजून फ्रिजमध्ये आहे. तो फोडायचा नाही, अशी लेकीची सक्त ताकीद आहे. आणि शनिवारी तर नाहीच नाही!