प्रॉम्प्टवरची चांदणी

बंगळुरूत डेटाबेस सांभाळणं हा माझा पेशा. पोस्टग्रेसशी कमांड लाइनवरून बोलायला मी पीएसक्यूएल वापरतो. 1996 साली पोस्टग्रेस95 चं नाव पोस्टग्रेएसक्यूएल झालं. हे साधन त्याआधीचं, पोस्टग्रेस95 बरोबरच आलेलं. आज बटणं आणि रंगीत तक्ते दाखवणारी साधनं पुष्कळ आहेत. तरी चालू डेटाबेसला हात लावायचा तर मला हेच हवं असतं.

कारण आपण कुठे उभे आहोत ते हे सतत सांगत राहतं. प्रॉम्प्टच्या शेवटी हॅशची खूण असेल तर आपण सुपरयूजर, म्हणजे अडवणारं कुणी नाही. बरोबरच्या चिन्हाऐवजी उणे दिसलं, तर अर्धविराम द्यायचा राहिलाय. चांदणी उगवली की ट्रान्झॅक्शन सुरू आहे, आणि तिच्या जागी उद्गारचिन्ह आलं तर ते बिघडलंय, आता रोलबॅक करायलाच हवं.

नव्याने आलेल्या मुलामुलींना मी आधी हेच वाचायला शिकवतो. मग दुसरी गोष्ट. अपडेट लिहिण्याआधी तीच व्हेअरची अट लावून ओळी मोजा आणि आकडा कागदावर लिहा. मग बिगिन, मग अपडेट. पीएसक्यूएल उत्तर देतं, 'अपडेट 14'. कागदावरही 14 असतील तरच कमिट. नसतील तर लगेच रोलबॅक, आणि अट पुन्हा वाचायची, हवं तर चहा घेत. पण चांदणी तशीच ठेवून चहाला जायचं नाही. त्या ओळींवरची कुलुपं तोवर उघडत नाहीत आणि त्याच ओळी बदलू पाहणाऱ्या इतरांची कामं खोळंबतात.

या साधनाचा मोकळेपणा मला फार आवडतो. बॅकस्लॅश डी दिलं की टेबलाची रचना दिसते. पण मोठ्या ई चा पर्याय देऊन पीएसक्यूएल सुरू केलं, तर त्यामागच्या क्वेऱ्याही ते छापून दाखवतं. पोस्टग्रेसचे आतले कॅटलॉग मी पुस्तकांपेक्षा तिथेच जास्त शिकलो.

नेहमीच्या क्वेऱ्या मात्र फाइलीत असाव्यात. इथल्या झिरोधा या कंपनीने मुक्तस्रोत केलेल्या डंगबीटल या साधनातही त्या साध्या एसक्यूएल फाइलींतच लिहितात. हे मला पटतं, कारण फाइल दुसऱ्याला वाचता येते, तपासता येते. फक्त ती चालवताना 'ऑन एरर स्टॉप' लावायला विसरू नका. ते नसेल तर मधली ओळ चुकली तरी पीएसक्यूएल पुढच्या ओळी चालवतच राहतं.