पाच मिनिटांचं शहर

उजाडायला अजून अवकाश आहे. एक तरुण आई तान्ह्या बाळाला छातीशी धरून अंधारातच घराबाहेर पडते आणि पाळणाघरात येते. ओळीनं पाळणे मांडलेले. बाळाला ठेवून ती वळते, तोच ते रडू लागतं. ती माघारी फिरते, वाकते आणि त्याच्या डोळ्यांपुढे हात नाचवत स्पॅनिशमध्ये अंगाई म्हणते. बाळ निवतं. मग सुरू होतो प्रवास: बस, आगगाडी, मेट्रो, एका गाडीतून दुसरीत, माणसांच्या लोंढ्यातून. शेवटी एका श्रीमंत घराचं दार उघडतं. आतून मालकिणीचा आवाज येतो, आज परतायला तासभर उशीर होईल म्हणून. मालकिणीचा चेहरा आपल्याला दिसत नाही. दुसऱ्या खोलीत दुसरं बाळ रडतं आहे. ती त्याच्यावर वाकते आणि तीच अंगाई म्हणते. म्हणता म्हणता तिची नजर खिडकीबाहेर, लांब कुठेतरी जाते.

एवढंच. जेमतेम पाच मिनिटं. वॉल्टर सालेस आणि डॅनिएला थॉमस या ब्राझीलच्या दोन दिग्दर्शकांनी 'पॅरिस, ज तेम' या 2006 सालच्या चित्रपटासाठी ही गोष्ट केली. त्यांच्याकडे मागणी होती पॅरिसमधल्या प्रेमकथेची. त्यांनी प्रेमिकांची जोडी आणलीच नाही. एक बाई, दोन बाळं आणि मधलं अंतर एवढ्यावर त्यांनी शहर उभं केलं. पहाटेच्या लोकलनं विरार-कल्याणहून निघून दुसऱ्यांची मुलं सांभाळायला जाणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या बाईची ओळख करून द्यावी लागणार नाही. कोलंबियाच्या कातालिना सांदिनो मोरेनो या अभिनेत्रीनं ती अशी उभी केली आहे, की तिला रडण्याची गरजच पडत नाही.

पॅरिसचे वीस विभाग आहेत. 1860 पासून शहराची ही रचना आहे आणि नकाशावर हे विभाग गोगलगायीच्या शंखासारखे मध्यातून बाहेर वळत जातात. प्रत्येक विभागाला एक दिग्दर्शक आणि प्रत्येकाला साधारण पाच मिनिटं, अशी ही कल्पना होती. पुऱ्या झालेल्या चित्रपटात अठराच गोष्टी आल्या. अकरावा आणि पंधरावा विभाग वगळला गेला. त्या वर्षी कान महोत्सवात हा चित्रपट दाखवला गेला. दिग्दर्शकांची नावं वाचून जीव हरखतो: कोएन बंधू, आल्फोन्सो कुआरोन, गस व्हॅन सँट, टॉम टिक्वर, आपली गुरिंदर चढ्ढा. ही मंडळी एरवी दोन-दोन तासांचे चित्रपट करणारी. इथे त्यांना एक विभाग मिळाला आणि चहा निवेपर्यंतचा अवधी.

या प्रकारच्या चित्रपटांवर माझा जीव आहे. एका शहरातल्या छोट्या छोट्या प्रेमकथा एका सूत्रात ओवलेल्या असल्या, की मी इतर कामं बाजूला ठेवून बसतो. गोष्ट रंगात येते न येते तोच ती तुटते, अशी तक्रार अनेकजण करतात. मला त्या तुटण्यातच शहर सापडतं. गावात माणूस पुन्हा भेटतो. पारावर, लग्नात, मयताला. शहरात एक चेहरा आवडतो आणि पुढच्या स्थानकावर उतरून जातो. त्याचं नाव कळत नाही, पुढं काय झालं तेही कळत नाही. दोन तासांच्या प्रेमकथेला नाव, घर, शेवट हे सगळं द्यावंच लागतं. पाच मिनिटांच्या कथेवर ती सक्ती नाही, म्हणून ती शहराशी जास्त इमान राखते.

'प्लास दे फेत'मधला हासान आठवतो. ऑलिव्हर श्मिट्झची ही गोष्ट. चाकूचा वार झालेला हा नायजेरियन तरुण रक्तबंबाळ होऊन चौकात पडला आहे आणि उपचाराला आलेल्या सोफीला म्हणतो आहे, माझ्याबरोबर कॉफी घेशील का? सोफीला वाटतं, हा भ्रमात बोलतो आहे. हळूहळू आपल्याला मागचं दिसत जातं. गाड्या लावायच्या तळघरात साफसफाई करताना त्यानं तिला एकदा पाहिलं होतं. तेव्हापासून तो तिला शोधत होता. शेवटी कॉफी येते, दोन कपांत, पण तोवर उशीर झालेला असतो. सोफीच्या थरथरणाऱ्या हातांत ते दोन कप राहतात. एवढ्या मोठ्या शहरानं त्यांची दुसरी भेट घडवली, पण कोणत्या अवस्थेत! मी ही गोष्ट पाहिली की काही वेळ पुढची लावू शकत नाही.

इसाबेल कोइशेतची 'बास्तीय'ही तशीच. नवरा उपाहारगृहात बायकोची वाट पाहतो आहे. दुसऱ्या स्त्रीसाठी तो तिला सोडणार आहे आणि आज ते सांगणार आहे. ती येते आणि त्याच्या हातात डॉक्टरांचं पत्र देते. रक्ताचा कर्करोग, शेवटच्या टप्प्यातला. तो गप्प राहतो आणि तिच्याजवळच थांबतो. प्रेमात असलेल्या माणसासारखं वागता वागता तो पुन्हा खरोखरच तिच्या प्रेमात पडतो. तिचा लाल कोट तेवढा लक्षात ठेवा. ती गेल्यानंतरही रस्त्यात कुणाच्या अंगावर लाल कोट दिसला, की त्याच्या काळजात हलतं.

सगळ्याच गोष्टी इतक्या खोल जात नाहीत, हेही सांगायला हवं. रक्तपिपासू पिशाच्चाची एक गोष्ट आहे, आयफेल मनोऱ्यापाशी मूकाभिनय करणाऱ्यांची एक आहे. त्या बघून होतात आणि विसरल्या जातात. जिथे दिग्दर्शकाला पॅरिस सुंदर दाखवण्याचा मोह झाला, तिथे गोष्ट पातळ झाली. जिथे त्यानं पायऱ्या, फलाट, तळघर, पहाटेची बस दाखवली, तिथे ती दाट झाली. कोएन बंधूंची गोष्ट तर सबंध त्विलरी मेट्रो स्थानकाच्या फलाटावर घडते. स्टीव्ह बुसेमीचा प्रवासी तिथे एक शब्दही बोलत नाही.

ही वाट जुनी आहे. 1965 साली सहा दिग्दर्शकांनी पॅरिसच्या सहा भागांवर असाच एक चित्रपट केला होता. गोदार, रोमेर, शाब्रोल त्यात होते, आणि झाँ रूशही. रूशच्या 'गार द्यु नोर'मध्ये एका लहानशा घरात नवरा-बायकोचं भांडण होतं. तिला प्रवास हवा आहे, साहस हवं आहे. या घराचा, बाहेरच्या बांधकामाच्या आवाजाचा तिला वीट आला आहे. रागारागात ती लिफ्टनं खाली उतरते. रस्त्यावर एक अनोळखी गृहस्थ भेटतो आणि तिनं मागितलं होतं तेच सगळं देऊ करतो: चल, आत्ताच निघू. मात्र ती नाही म्हणाली तर तो जीव देणार आहे. ती नाही म्हणते. तो रुळांवरच्या पुलावरून उडी घेतो. हे सगळं जणू एका दमात चित्रित केलं आहे. मधला सांधा लिफ्टच्या अंधारात लपवला आहे. घर आणि रस्ता यांच्यात कॅमेऱ्यानं फट ठेवली नाही, म्हणून त्या बाईला पळायला जागा उरत नाही. एका शहराच्या प्रेमकथांमध्ये यापेक्षा भेदक गोष्ट मी पाहिलेली नाही.

हीच वाट मुंबईतही आली: 2022 मध्ये 'मॉडर्न लव्ह मुंबई' ही सहा गोष्टींची मालिका आली. त्यातल्या ध्रुव सेहगलच्या गोष्टीचं नाव आहे 'आय लव्ह ठाणे'. मुंबईतल्या एका लँडस्केप आर्किटेक्टला ठाण्याच्या महापालिकेत काम करणारा साधा मुलगा आवडू लागतो. मुंबईच्या मालिकेत मला सगळ्यात जवळची वाटली ती ठाण्याची गोष्ट, कारण इथेही प्रेमाला शहराची वेस ओलांडावी लागते.

'पॅरिस, ज तेम'ची अखेरची गोष्ट अलेक्झांडर पेनची आहे. कॅरोल डेन्व्हरमध्ये टपाल वाटते. मध्यमवयीन, एकटी, घरी दोन कुत्री. शिकवणीत शिकलेल्या अडखळत्या फ्रेंचमध्ये ती आपल्या पॅरिसच्या सहलीची हकीकत सांगते. माँपार्नासच्या कबरस्तानात हिंडते, उंच इमारतीवरून शहर पाहते. किती सुंदर आहे हे, असं म्हणावंसं वाटतं, पण म्हणायला शेजारी कुणी नसतं. मग ती एका बागेत बाकावर बसते, सँडविच खाते, आणि अचानक तिच्या मनात आनंद आणि दुःख एकत्रच दाटून येतात. हे शहर आपल्याला आवडतं आणि आपणही या शहराला आवडतो, असं तिला त्या क्षणी वाटतं. मार्गो मार्टिनडेलच्या चेहऱ्यावर ते उमटताना पाहणं हा माझ्या चित्रपट पाहण्यातला एक मोठा ठेवा आहे. तिच्या उच्चारांना हसू येतं खरं, पण अर्ध्या वाटेवर ते हसू ओसरतं आणि तिच्याबद्दल आदर वाटू लागतो.

हा चित्रपट पाहायला घेतलात, तर अठरा गोष्टी एका बैठकीत संपवू नका. दोन पाहा, उठा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा. क्रम मात्र मोडू नका. कॅरोल शेवटीच भेटली पाहिजे.