कदवार

"लंबा दाहिने, छोटा बाएँ, एक लाइन में कदवार!" उस्तादांनी हा हुकूम दिला की बाकीचे आजूबाजूला बघायचे, कोण आपल्यापेक्षा उंच आणि कोण बुटका. मला बघावं लागत नसे. मी सरळ डाव्या टोकाला पळायचो. मग नंबर पडायचे, तीन ओळी व्हायच्या, उंच मुलं दोन्ही कडांना जायची आणि मी मधे गडप.

नववीत माझी उंची १४९ सेंटिमीटर होती. डॉर्ममध्ये नाव पडलं 'छोटू'. मुलं ते प्रेमानेच म्हणायची, त्यामुळे तक्रारही करता येईना. आईचा फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला, "वाढलास का रे?" मी कँटीनमधून एक वही घेतली आणि डायरी सुरू केली. डायरी कसली, नुसते आकडे. कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलची खूण करायची आणि वहीत लिहायचं. सकाळी १४९ भरायचे, रात्री १४८. मला खरंच वाटलं की मी आखडतोय. लाइट्स आउटनंतर गुपचूप जाऊन बारला लटकायचो. एकदा ड्यूटीवरच्या सीनियरने पकडलं आणि ग्राउंडचे तीन राउंड बक्षीस मिळाले.

शेवटी वही घेऊन एमआय रूममध्ये गेलो. आमच्या सिस्टर केरळच्या. त्यांनी पानं चाळली आणि हसल्या. दिवसभर उभं राहून, धावून मणक्यांमधल्या चकत्या दबतात. संध्याकाळपर्यंत माणूस साधारण एक सेंटिमीटर कमी भरतो आणि झोपेत पुन्हा सरळ होतो. "शामको जनरल साब भी छोटा होता है," त्या म्हणाल्या. मग वही परत देत म्हणाल्या, हे तर स्टोअरचं लेजर झालं. मोजू नकोस, शरीराने आज काय काम केलं ते लिही.

सुरुवातीला जमलं नाही. 'मी बलवान आहे' असं एकदा लिहिलं आणि लाजून खोडलं. मग नियम केला, जे घडलं तेवढंच लिहायचं. 'क्रॉस कंट्री. शेवटच्या चढाला पोटरीत गोळा आला, थांबलो नाही.' 'दोरी पहिल्यांदाच वरपर्यंत. तळहात सोलले.' हलक्या अंगाला दोरी सोपी जाते, हे मला वहीनेच दाखवलं. पण नियम म्हणजे नियम, म्हणून हेही लिहिलं : 'आज छोटू म्हणाले. हसलो. हसायचं नव्हतं.'

आमच्या काउन्सेलर सरांनी एका तासाला जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगाबद्दल सांगितलं होतं. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कॉलेजच्या मुलांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या गोष्टींबद्दल लिहिलं. त्या भावना मोकळेपणाने लिहिणाऱ्यांच्या डॉक्टरकडच्या खेपा पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. मी म्हटलं, चार दिवस काय जातंय?

मी पेरेंट्स डेच्या व्हिडिओबद्दल लिहिलं. बाबा सांगलीहून रात्रभर प्रवास करून आले होते. त्यांनी परेडचं मोबाइलवर शूटिंग केलं, आणि त्यात मी कुठेच दिसत नव्हतो. पहिले तीन दिवस वहीत नुसता राग होता, उंचीवर आणि बाबांवरही. चौथ्या दिवशी लिहायला काही उरलं नाही म्हणून तो व्हिडिओ नीट आठवत बसलो. अकरा मिनिटांचा होता. कॅमेरा एकदाही खाली आला नव्हता. आपला मुलगा कुठे आहे हे दिसत नसताना त्या माणसाने अकरा मिनिटं उन्हात हात वर धरला होता. त्या रात्री पुढे काही लिहिता आलं नाही.

वहीने उंची वाढत नाही. ती आपल्या वेळेला वाढली, आता १६१ आहे. तरी कदवारमध्ये मी डावीकडून चौथाच. काही दिवस अजूनही वाईट जातात आणि तेही वहीत आहेत. आईला मात्र आता मीच आधी सांगतो, दोरीला किती सेकंद लागले ते.

मागच्या महिन्यात आमच्या स्क्वॉडचा राइट मार्कर माझ्याकडे आला. सहा फुटी गडी. तोंडावरच्या मुरुमांमुळे तो दाढी करताना आरशात बघत नाही. शेजारच्या बेसिनला मी असतो, मला माहीत आहे. "एखादी कोरी वही आहे का?" त्याने विचारलं. कशाला, असं मी विचारलं नाही. ट्रंकेतून काढून दिली.