आमचा कोळकांदा

चैत्र-वैशाखांत फुलें पाहण्यासाठीं सेमिनरी हिलवर कोणी जात नाहीं. आम्ही गेलों तें परीक्षा संपल्याच्या आनंदांत, निव्वळ भटकावयास. तेथें उतरणीच्या मुरुमांत, वाळलेल्या गवतांतून, एक उघडा दांडा हातभर वर आलेला दिसला. पान एकही नव्हतें. मात्र टोंकाकडे मळकट हिरव्या-तपकिरी रंगाचीं लहान फुलें घंटांप्रमाणें माना खालीं घालून लोंबत होतीं. अशा उन्हांत हें कशाच्या बळावर फुललें, या कुतूहलानें आम्हीं दांड्याखालीं खणलें. पांढरा कांदा निघाला.

घरीं आजीनें तो पाहतांच विळी दूर सारली. "कोळकांदा आहे तो, भाजींत घालाल हो!" हातांना सुटलेल्या खाजेनें तिचें म्हणणें आम्हांस आधींच पटलें होतें. शाळेंत शास्त्राच्या गुरुजींनीं अधिक सांगितलें. रॉक्सबर्गनें या वनस्पतीस सिला इंडिका म्हटलें, पुढें ती अर्जिनिया इंडिका झाली, आतां ग्रंथांत ड्रिमिया इंडिका आहे. (कांदा बिचारा तोच!) भूमध्य समुद्राकांठचा स्क्विल हा तिचा भाऊबंद. दोहोंच्या कांद्यांत हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारीं द्रव्यें असतात. अल्प मात्रेंत तो कफ सुटण्यासाठीं देत, मात्रा चुकली तर विषच.

हें ऐकून आमचा अभिमान वाढला. शाळेच्या बागेंत गुलाबाशेजारीं कांदा लावला, 'वर्ग नववा' अशी पाटी रोंवली आणि मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर असतां पाळीपाळीनें सकाळ-संध्याकाळ पाणी घातलें. सुट्टी असूनहि एकानेंहि पाळी चुकविली नाहीं. पान दिसेना तसतसें आम्ही पाणी वाढवीत गेलों.

मृगाच्या सरी आल्या. टेकडीवर, आम्हीं कधीं न पाहिलेल्या कितीतरी कांद्यांनीं पट्ट्यांसारखीं लांब पानें काढलीं. आमचा वाफा कोरा. खुरप्यानें उकरलें तों काळा, कुजका लगदा. गुरुजी रागावले नाहींत. पावसाळ्यांत पानांनीं कमावलेलें अन्न कांदा सांठवितो, उन्हाळ्यांत कोरड्या जमिनींत त्याच शिदोरीवर फुलतो, तेव्हां त्यास पाणी सोसत नाहीं, एवढेंच त्यांनीं सांगितलें. बक्षीस-समारंभाच्या दिवशीं पाहुण्यांना बाग दाखविली गेली, तेव्हां ती पाटी मोकळ्या मातींत उभीच होती. उपटण्याचा धीर आम्हांपैकीं कोणासहि झाला नव्हता.

पुढल्या चैत्रांत त्याच उतरणीवर गेलों. आम्हीं केलेला खड्डा अजून पुरता बुजला नव्हता. त्यापासून चार हातांवर तीन दांडे उभे होते. खुरपें आम्हीं घरींच ठेविलें होतें.