लाल हेरिंगचा माग

टीव्हीवरच्या चर्चेत आज कुणीतरी 'रेड हेरिंग' म्हणालं, म्हणजे मूळ मुद्द्यावरून लक्ष हटवणारी गोष्ट. हेरिंग हा मासा मुळात चंदेरी. मीठ लावून भरपूर धुरी दिली की तांबूस होतो आणि उग्र वास मारतो. लहानपणी आपण तो फरफटवत नेऊन शिकारी कुत्र्यांना सशाच्या मागावरून हटवलं, असं विल्यम कॉबेट या इंग्रज पत्रकाराने १८०७ मध्ये लिहिलं. (बहुधा थापच!) टोला होता नेपोलियनच्या पराभवाच्या खोट्या बातमीमागे धावलेल्या वृत्तपत्रांना. वाक्प्रचार रुजला तो तिथून.

इंग्रजीतला दुसरा लाल वाक्प्रचार म्हणजे लालफीत, सरकारी दिरंगाईची खूण. ती तर इंग्रजांनी आपल्याही दप्तरांना बांधली. साहेब गेला, फीत राहिली. तरी माझ्या मते जास्त नुकसान हेरिंगच करतो. फाईल निदान कधीतरी सुटते, मूळ प्रश्नावरून भरकटलेली चर्चा परत येत नाही.