धबधबा आणि शेकरू

पावसाळ्यात पुणेकर भीमाशंकरला जातो तो धबधबे पाहायला. आम्हीही त्याला अपवाद नाही. खांडसहून गणेश घाटाने चढताना कड्यांवरून कोसळणारे पाणी डोळ्यांत मावत नाही. परंतु १९८५ साली हे अभयारण्य घोषित झाले, ते धबधब्यांसाठी नव्हे, शेकरूसाठी. महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेली ही मोठी खार जमिनीवर क्वचितच उतरते. फांदीला फांदी भिडलेली असेल, तरच तिची वाट शाबूत. झाडे तोडून आपली वाट रुंद केली, की वर तिची वाट तुटते. पाणी दरवर्षी पुन्हा कोसळेल. तुटलेले छत सांधायला मात्र पिढ्या लागतील. म्हणून हल्ली गर्दीतही आम्ही अधूनमधून थांबतो आणि मान वर करून पाहतो : फांद्या अजून भिडलेल्या आहेत ना?